पोलंडवाल्याची शिळा

माझे वडील पाथरवट. भायखळ्याला त्यांची छोटी वखार होती. इमारतींच्या कोनशिला, देवळांच्या पाट्या, कबरींवरची नावं, जे येईल ते कोरायचे. आम्ही राहायचो करी रोडला, चाळीत. मॅट्रिक झाल्यावर मी वखारीत जाऊ लागले. दगडावर ब्रशने अक्षरं रेखायचं काम माझं, कोरायचं बाबांचं. वीस वर्षांची झाले तरी छिन्नी त्यांनी माझ्या हातात दिली नव्हती. "हात खराब होतात गं," एवढंच म्हणायचे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. गिरणगावात आज सभा, उद्या मोर्चा असं चाललेलं. एका सकाळी शेजारच्या चाळीतले हवालदारमामा वखारीत आले. मामा मूळचे मालवणकडचे. लढाईत इटलीपर्यंत जाऊन आलेले, नंतर गिरणीत लागलेले. डावा पाय ओढत चालायचे. खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांनी बाबांपुढे ठेवला. इंग्रजी अक्षरांत एक लांबलचक नाव होतं.

"ह्या माणसाची शिळा करूची आसा," मामा म्हणाले.

मग त्यांनी हकिकत सांगितली. इटलीतल्या एका डोंगरउतारावर त्यांची तुकडी माऱ्यात सापडली. वीसेक जण जखमी होऊन पडले होते. बाजूच्या पलटणीतला एक पोलंडचा ड्रायव्हर जखमींची गाडी घेऊन आपणहून वर आला. यांची भाषा त्याला कळत नव्हती, त्याची यांना. तीन खेपांत त्याने माणसं खाली नेली. दुसऱ्या खेपेत मामा होते. चौथ्या खेपेला तो वर गेला आणि परत आला नाही. मामांनी पुढे त्याच्या कबरीवरच्या क्रुसावरून नाव उतरवून घेतलं होतं. पण ते उच्चारता कुणालाच येईना, म्हणून सगळे त्याला पोलंडवालाच म्हणत. त्या तीन खेपांत वाचलेल्यांपैकी पाच जण आता लालबाग-परळच्या गिरण्यांत होते. त्यांनीच ठरवलं होतं, याचं स्मारक आपल्या वस्तीत व्हायला हवं.

चाळीसमोरची लहानशी बाग एका ट्रस्टची होती. ट्रस्टच्या सेक्रेटरींनी कोपऱ्यातली जागा दिली, पण मजकूर इंग्रजीत पुरे म्हणाले. मामा ऐकेनात. "वाचतली कोण? आमचीच पोरां ना?" असं विचारून त्यांनी मराठीही लिहायचं कबूल करून घेतलं.

कागदावर नावातल्या एका 'एल'वर तिरकी रेघ होती. मामांचं पेन घसरलं असेल असं समजून मी साधा 'एल' रेखला, आणि खाली मराठीत 'ल'. बाबांनी कोरूनही टाकलं.

मामांनी एका मराठी वर्तमानपत्रात या शिळेबद्दल चार ओळी छापून आणल्या होत्या. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी एक गोरी बाई वखारीच्या दारात उभी राहिली. निळे डोळे, सुती साडी, कपाळावर कुंकू. मी गडबडून इंग्रजी जुळवायला लागले.

"मराठीत बोला की," ती हसून म्हणाली. "इंग्रजी मला तुमच्यापरीस कमीच येतंय."

बोली अस्सल कोल्हापूरची. लढाईत पोलंडमधून परागंदा झालेल्या बायकामुलांची छावणी कोल्हापूरजवळ होती. तिथे ही आईबरोबर आली, तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती. छावणी उठली तेव्हा आई विलायतेला गेली, पण हिने तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं होतं. नवरा आता गिरगावात एका कचेरीत कारकून होता आणि बिऱ्हाड ठाकूरद्वारला.

ती शिळेपाशी बसली. कोरलेल्या नावावरून बोट फिरवत गेली आणि मध्येच थांबली.

"हितली रेघ कुठं गेली?"

"ती... चुकून ओढली गेली असं वाटलं," मी म्हटलं.

"न्हाई. ते अक्षरच येगळं हाय. त्याला आमच्यात 'व' म्हणत्यात, 'ल' न्हवं."

"तुम्ही यांना ओळखत होतात?" बाबांनी विचारलं.

"माझा थोरला भाऊ त्यो."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाबा हात जोडून म्हणाले, "बाई, चूक आमची आहे. सगळा दगड घासून पुन्हा कोरतो."

"सावकाश करा. इतकी वर्सं त्याचं नाव मला कुठंच दिसलं न्हवतं."

मी धावत जाऊन मामांना घेऊन आले. भाऊ लढाईत मारला गेला, एवढ्या दोन ओळींचं पत्र तिला छावणीत आलं होतं. बाकी काहीच तिला माहीत नव्हतं. मामांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिने एकच प्रश्न विचारला.

"भ्याला हुता काय वो त्यो?"

खोटं बोलणं मामांना सहज जमलं असतं.

"भियालेलो, बाय. माका उचलताना हात थरथरत होते तेचे. तरी परत इलो."

ती रडता रडता हसली. "लहानपणी हिरीत वाकून बघायला बी भ्यायचा," म्हणाली. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बाबा उगाचच पाणी आणायला बाहेर गेले.

बाबांनी आठवडाभर कुरुंदाच्या दगडाने घासून शिळा पुन्हा कोरी केली. मी नव्याने अक्षरं रेखली. आणि त्याच संध्याकाळी लालबागला मोर्चावर लाठीमार झाला. बाबा मोर्चात होते. एक लाठी उजव्या मनगटावर बसली आणि हाड मोडलं. दीड-दोन महिने प्लास्टर काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

तेवढे दिवस हातात नव्हते. कापसाच्या धुळीने मामांची छाती धरली होती. पंधरा दिवसांत त्यांना कायमचं गावी न्यायचं ठरलं होतं. दुसऱ्या पाथरवटाकडे काम द्यायला बाबा तयार नव्हते. दोन दिवस ते वखारीत नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी छिन्नी माझ्यापुढे सरकवली.

"बस."

"बाबा, बिघडली तर?"

"मी आहे ना इथे. तिरकी धर. जोरात मारू नकोस, हलके ठोके देत पुढे ने."

पहिला पूर्ण दिवस एकाच अक्षरात गेला. 'व'च्या पोटाची कड माझ्याकडून जराशी उडाली. मी छिन्नी टाकून रडायला लागले. बाबांनी डाव्या हाताने दगडावरची भुकटी पुसली आणि म्हणाले, "पुढचं अक्षर घे." बस्स, तेवढंच. नंतर रोज दुपारी ती बाई ठाकूरद्वारहून डबा घेऊन यायची. माझ्या बोटांना फोड आले तेव्हा हळद तेलात कालवून तिनेच लावली.

मामांना गावी न्यायच्या आदल्या रविवारी शिळा बागेत बसली. पाचही जुने सैनिक पदकं लावून आले होते. चाळीतल्या बायका, पोरं जमली. सेक्रेटरी दोन शब्द बोलले. मग बहिणीने भावाचं नाव मोठ्याने वाचलं आणि आम्हां सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. निम्मी माणसं अडखळली. "आता पुन्यांदा," असं ती शाळेतल्या बाईंसारखं म्हणाली आणि मग खूप हसली. मामांना दोघांनी धरून उभं केलं होतं. सलाम करताना मात्र त्यांनी दोघांचेही हात बाजूला सारले.

पावसाळा संपता संपता मामा वारल्याचं पत्र गावाहून आलं. मी ते पत्र घेऊन ठाकूरद्वारला गेले. तिने त्यांचं सुतक पाळलं, सख्ख्या भावाचं पाळावं तसं.

बाबांचं मनगट पूर्वीसारखं झालं नाही. प्लास्टर निघाल्यावर त्यांनी छिन्नी परत मागितली नाही आणि मीही दिली नाही. पुढची तीस वर्षं त्या वखारीवर मी घर चालवलं, दोन मुली शिकवल्या. हे सगळं कुणामुळे मिळालं याचा विचार करते तेव्हा माझ्यापुढे एक चेहरा येत नाही, चार-पाच येतात. त्यातला एक मी कधी पाहिलेलाच नाही.

महाराष्ट्र झाला त्यानंतर काही महिन्यांनी पोलंडवाल्याच्या बहिणीच्या नवऱ्याची कोल्हापूरला बदली झाली. निघताना ती बागेत आली. शिळा धुवायला तिने बादली भरून आणली होती. पण चाळीतल्या एका आजीने सकाळीच धुऊन, जास्वंदीचं फूल ठेवलं होतं. ते पाहून बहिणीने बादलीतलं पाणी शेजारच्या लिंबाला घातलं.