आरोग्य विम्याचा शेवटचा पेपर

तिसऱ्यांदा नापास झाले त्या दिवशी मी सगळी पुस्तकं उचलून माळ्यावर टाकली आणि नवऱ्याला सांगितलं, "संपलं. पुन्हा त्या परीक्षेचं नाव काढू नकोस."

परीक्षा ॲक्चुअरीची होती. विम्याचा हप्ता किती ठेवायचा, पुढे येणारे दावे फेडायला कंपनीने आज किती पैसा बाजूला काढायचा, हे गणित मांडणारी माणसं म्हणजे ॲक्चुअरी. मी एका आरोग्य विमा कंपनीत हेच काम करते. लग्न होऊन मुरुडला आले, पुढे घरून काम करायची परवानगी मिळाली आणि इथलीच झाले. गणिताचे पेपर मी भराभर सोडवले होते. उरला होता एकच, आरोग्य विम्याचा. त्यात आकडे थोडे, लिहिणं फार. एखाद्या कंपनीची अडचण सांगतात आणि विचारतात, तुम्ही असता तर काय केलं असतं? दर वेळी मी काठावर येऊन पडत होते. घरी येऊन उत्तरं आठवायची, तर सगळी बरोबर वाटायची. कुठे कमी पडतेय तेच कळेना. त्यानेच मी जास्त खचले.

सासूबाई गावातल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. आता सुपारीच्या वाडीचं सगळं त्याच बघतात. माळ्याचं प्रकरण त्यांनी बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटीवर चहा घेत होते, तर माझे सरावाचे कागद घेऊन समोर येऊन बसल्या. कागदांवर जागोजागी लाल पेनाच्या खुणा.

"हे तू लिहिलंयस?"

"हो. का?"

"लिहिण्याआधी प्रश्न वाचला होतास का?"

मला रागच आला. "आई, तुम्हाला यातलं काय कळतंय?"

"विम्यातलं काही नाही कळत," त्या म्हणाल्या. "पण उभा जन्म पेपर तपासलेत. इथे विचारलंय, दावे का वाढले असतील ती कारणं सुचवा. तू दावे कसे मोजतात ते लिहिलंयस. छान लिहिलंयस. मी शून्य दिलं असतं."

मी चहा तसाच ठेवून आत निघून गेले. दिवसभर त्यांच्याशी धड बोलले नाही. संध्याकाळी मात्र ते कागद घेऊन बसले आणि एकेक प्रश्न पुन्हा वाचला. 'सुचवा' म्हटलंय तिथे मी व्याख्या दिली होती. 'चर्चा करा' म्हटलंय तिथे एकच बाजू मांडून मोकळी झाले होते. जिथे गणिताला जागा दिसली तिथे धावत सुटले होते, मग ते कुणी विचारलेलं असो वा नसो.

मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई नारळ खोवत होत्या. "आई, परत बसू या का?"

"पुस्तकं आण खाली," त्या म्हणाल्या.

तिथून आमची शाळा सुरू झाली. सकाळी ऑफिसचं काम सुरू होण्याआधी मी एक उत्तर लिहायचं, दुपारी त्यांनी तपासायचं. संध्याकाळी आम्ही दोघी समुद्रावर जायचो, तेव्हा परीक्षेबद्दल बोलायचं नाही असा त्यांचा दंडक. स्वयंपाक नवऱ्याकडे गेला. पहिले काही दिवस आम्ही खिचडीच खाल्ली, पण कुणी तक्रार केली नाही.

तपासताना त्या हटून बसायच्या. ज्येष्ठ नागरिकांच्या एका पॉलिसीत दावे अपेक्षेपेक्षा जास्त येतायत, असा एक प्रश्न होता. मी पहिलंच कारण लिहिलं, 'वैद्यकीय महागाई'.

"म्हणजे?"

"उपचार महाग होतात."

"का होतात?"

"नवीन मशिनं येतात, नवीन ऑपरेशनं येतात."

"ते कुठे लिहिलंयस? आणि ऑपरेशन महाग झालं, म्हणून जास्त लोक करतात का?"

"नाही, लोकही वाढतात. पूर्वी ज्यांना मुंबईला जावं लागायचं म्हणून ते दुखणं अंगावर काढायचे, त्यांना आता अलिबागला सोय झाली. शिवाय विमा आहे म्हटल्यावर..." बोलता बोलता मला पलीकडच्या काकू आठवल्या. त्यांनी गुडघा बदलून घेतला, तो ठीक झालेला बघून आळीतल्या आणखी दोघीजणी तयार झाल्या. आकड्यांमागे हीच माणसं होती. ती रोज दिसत असूनही मी उत्तरात कधी आणली नव्हती. मी सासूबाईंच्या हातातला कागद काढून घेतला आणि तिथेच लिहीत सुटले. एकातून दुसरं कारण निघत गेलं, पान भरलं तरी थांबेना.

सासूबाईंनी वाचलं. "आता पास करते," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी आमटी खारट झाली होती आणि मी ती दोनदा घेतली.

परीक्षा जवळ आली तशी पुन्हा भीती वाटायला लागली. एकदा तर सकाळी काही केल्या एक ओळही सुचेना, रडूच फुटलं. सासूबाईंनी समजूत घातली नाही. सुपारी सोलायला बसवलं. हात चालायला लागले तसा श्वास जागेवर आला.

केंद्र नवी मुंबईत होतं. आदल्या दिवशीच एसटीने पनवेलला नात्यातल्या घरी जाऊन राहिले. नको नको म्हणताना सासूबाई बरोबर आल्या. "माझी विद्यार्थिनी आहे, मी येणार," म्हणाल्या.

पेपर कॉम्प्युटरवर होता. मोठा प्रश्न आला तो जुनं दुखणं असलेल्या माणसांसाठी विमा आणायचा, त्यात कंपनीला धोके कोणते आणि ते कसे सांभाळाल, असा. आजूबाजूला सगळे टाइप करायला लागले होते. मी हात मांडीवर ठेवून प्रश्न पुन्हा वाचला. मग मधुमेह असलेला एक माणूस डोळ्यांसमोर आणला. हा विमा कधी घेईल? दुखणं लपवेल का? कंपनीने त्याला दावा करायला पहिली काही वर्षं थांबायला लावलं तर तो काय करेल? त्याच्या बाजूने विचार केला, मग कंपनीच्या बाजूने, आणि उत्तर उभं राहिलं. वेळ संपायच्या आत माझं लिहून झालं होतं.

बाहेर सासूबाई झाडाखाली बसल्या होत्या. "कसा गेला?"

"सगळे प्रश्न सोडवले."

"ते नाही विचारलं."

मी हसले. "विचारलं तेच लिहिलं, आई."

निकाल लागला तेव्हा घरात रेंज नव्हती. नवरा मोबाइल घेऊन गच्चीवर गेला आणि तिथूनच ओरडला, "आहे! नंबर आहे!" मी जिना चढले की उडत गेले ते आठवत नाही. सासूबाई मागून आल्या, चष्मा लावला आणि हॉल तिकिटावरचा नंबर एकेक आकडा बोट ठेवून ताडून बघितला. मग मला अशी घट्ट मिठी मारली की मला श्वास घेता येईना. लग्नानंतर पहिल्यांदाच.

लगेच चांगलं पातळ नेसून त्या मला बाजारात घेऊन निघाल्या. भेटेल त्याला सांगत होत्या, "आमची सून ॲक्चुअरी झाली!" मासळी बाजारात सुरमई घेताना कोळणीने विचारलं, "म्हंजी डॉक्टर झाली का वो बाई?"

"डॉक्टर नाही गं. किती लोक आजारी पडतील ते आधीच सांगते."

"आं?" तिने कोयता खाली ठेवला. "मंग माजं सांग. माजी कंबर कवा बरी व्हनार हाय?"

"एकेकाचं नाही सांगता येत," मी म्हटलं. "हजार बायकांचं विचारा, लगेच सांगते."

"हजार बायका हितं कुठं हायत? मी येकटीच हाय!" ती मोठ्याने हसली, शेजारच्या कोळणी हसल्या, सासूबाईंना तर हसता हसता ठसका लागला. मी सुरमईची पिशवी उचलली आणि त्या भर बाजारातून मान वर करून घरी चालत आले.