मामाजींच्या खिशातलं ब्लूटूथ

"बाबा गेले," हे फोनवर म्हणाले आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "कुठी?"

मी तेव्हा नागपूरला होते, कंपनीच्या ऑफिसच्या जिन्यात. मोबाईलचे प्रोग्राम लिहिण्याचं माझं काम बहुतेक कारंज्याला घरूनच चालतं, पण अधूनमधून केलेलं दाखवायला एसटीने नागपूर गाठावं लागतं. माझा प्रश्न ऐकून हे हळूच म्हणाले, "कुठी नाई. घरीच. पलंगावर. चहा पेले, आडवे झाले, अन् गेले." मी तिथेच पायरीवर बसले. रडू आलंच, पण रडण्याच्या आधी जे आलं ते लिहायला मला इतके आठवडे लागले. मला हायसं वाटलं. माझे सासरे, आमचे मामाजी, स्वतःच्या घरात, स्वच्छ कपड्यांत, बायको उशाशी असताना गेले होते. आमच्या घरात गेली काही वर्षं "मामाजी गेले" ही हाक अनेकदा उठली होती, आणि दर वेळी आम्ही सगळे चपला न घालता हायवेकडे धावलो होतो. या वेळी कोणालाच धावावं लागलं नाही.

कारंजा घाडगेला आमचं दुकान हायवेला लागूनच आहे. ताडपत्र्या, दोरखंड, ट्रकवाल्यांना लागणाऱ्या चार गोष्टी. दुकानाच्या मागे घर, वर एक खोली. मी वर्ध्याच्या मास्तरांची मुलगी; बीएस्सी झाले, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी लग्न होऊन इथे आले ते एक जाडजूड मॉनिटर आणि खोक्यात भरलेला कीबोर्ड घेऊनच. नातेवाईक हसले. बायांमध्ये कुजबुज झाली की सुनेने टीव्ही आणला म्हणे, पण त्यावर पिक्चर काही लागत नाही. मामाजींनी ते खोकं स्वतः उचलून वरच्या खोलीत नेलं. म्हणाले, "आपन दोर इकतो. ही काय इकते ते तिले माईत. तिचं सामान हाये, जपून ठेवा." त्या खोलीत मी आधी क्लास चालवला, मग कंपनीचं काम घेतलं. घर त्यांचं, जिना त्यांचा, तरी मामाजी कधी सरळ आत आले नाहीत. दाराशी उभे राहून विचारायचे, "येऊ काय?" मी हो म्हटल्यावरच पाऊल आत. दुकानातही तसंच. गिऱ्हाईकाच्या ट्रकवर चढण्याआधी ड्रायव्हरला विचारणार, "दोर पाहू काय, भाऊ?" आणि मग गाडीभोवती फिरून एकेक गाठ ओढून बघणार. विकलेला दोर नीट बांधला गेला की नाही, हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

मोबाईल स्वस्त झाले तेव्हा माझं काम फोनवरच्या प्रोग्रामकडे वळलं. एकदा टेबलावर दोन फोन ठेवून मी ब्लूटूथची खटपट करत बसले होते. मामाजी विचारून आत आले, बराच वेळ बघत राहिले. "काय करून राह्यली?" मी सांगितलं की एक फोन दुसऱ्याला शोधतो, सापडला की दोघं जोडले जातात, आणि हे सगळं फोनच्या बटणांनी न करता माझ्या प्रोग्रामने करायचंय. प्रोग्रामने आधी बघायचं की ब्लूटूथ सुरू आहे का, नसेल तर सुरू करायचं, मग आजूबाजूला कोण आहे ते शोधायचं. त्यांनी एक फोन उचलला, खोलीच्या दारापर्यंत गेले, जिना उतरले, अंगणात गेले. माझ्या स्क्रीनवर जोड तुटली. मी वरून ओरडले, "तुटलं, मामाजी!" ते खालून खुशीत ओरडले, "म्हंजे लय लांबचं नाई हे!" नाही, लांबचं नाहीच. घरातल्या घरातलं. त्या दिवशी आम्ही दोघंही हसलो होतो.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. पहिल्यांदा नावं, मग दिवस, मग दुकान बंद झालं की उघडं आहे ते. सगळं विसरले तरी गाठी विसरल्या नाहीत. रस्त्यापलीकडच्या ढाब्यासमोर ट्रक लागला की मामाजी उठायचे आणि रस्ता न बघता थेट त्याच्याकडे. एकदा मागे येणाऱ्या ट्रकच्या चाकापासून हातभर अंतरावर सापडले, एकदा पार अमरावतीच्या दिशेने निघालेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, लक्ष ठेवा. लक्ष ठेवायचं म्हणजे काय? हे दुकानात, मी वर कामात, सासूबाई स्वयंपाकात. आंघोळीला जायचं तरी सासूबाई मला हाक मारून खाली बोलवायच्या. शेवटी आम्ही घराच्या दाराला बाहेरून कडी लावायला लागलो. ते दिवस मला आठवावेसे वाटत नाहीत. मामाजी दार वाजवायचे नाहीत, आरडाओरडा करायचे नाहीत. दाराच्या आत उभे राहून, पूर्वी माझ्या खोलीबाहेर उभे राहायचे तसेच, विचारायचे, "जाऊ काय?" उत्तर आलं नाही की पुन्हा थोड्या वेळाने, "जाऊ काय?"

सासूबाई एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मले त्याईचा हा आवाज ऐकवत नाई व. तू येवढी शिकली, काई कर ना." मी काय करणार होते? पण त्याच दुपारी ते दोन फोन मला आठवले. एक मामाजींच्या बंडीच्या खिशात ठेवायचा, दुसरा स्वयंपाकघरात. स्वयंपाकघरातला फोन ब्लूटूथवरून सारखं विचारत राहील, आहात का? खिशातला उत्तर देत राहील. मामाजी अंगणाच्या पलीकडे गेले की उत्तर यायचं थांबेल आणि घरातला फोन वाजायला लागेल. घराचं दार दुकानाच्या मागे, आणि हायवे तिथून त्याहून लांब आहे. तेवढ्या वेळात धावता येईल.

प्रोग्राम लिहायला वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त त्रास झाला. मामाजी न्हाणीघरात गेले की जाड भिंतीमुळे जोड तुटायची आणि फोन बोंबलायचा; सासूबाई पोळपाट टाकून पळायच्या आणि मामाजी ओल्या अंगाने बाहेर येऊन विचारायचे, काय झालं? म्हणून मी प्रोग्रामला थोडा धीर धरायला शिकवलं. एकदा उत्तर नाही आलं तर पुन्हा विचार, पुन्हा विचार, मगच वाज. बॅटरी दुपारपर्यंतच संपायची, तर ते झोपले असताना विचारणं कमी केलं. पण खरी अडचण वेगळीच निघाली. मामाजींना खिशातला फोन काढून बटणं दाबायची सवय लागली, आणि दाबता दाबता ब्लूटूथ बंद व्हायचं. मी लिहिलं होतं की बंद झालं तर प्रोग्रामने पुन्हा सुरू करावं. पण प्रोग्राम लिहायच्या ज्या साध्या भाषेत मी तो लिहिला होता, त्यातल्या प्रोग्रामला फोन परस्पर हे करू देत नसे. आधी पडद्यावर प्रश्न यायचा, ब्लूटूथ सुरू करायचं का, हो की नाही. सासूबाईंनी तो मामाजींना वाचून दाखवला. मामाजींनी विचार केला आणि "नाई" दाबलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा "नाई". हे पोट धरून हसले, सासूबाईही हसल्या. मी हसले, पण मनातून हादरले होते. इतक्या महिन्यांत त्या माणसाला कोणी तरी पहिल्यांदा काही विचारलं होतं, आणि त्याने उत्तर दिलं होतं.

न विचारता सुरू करायचा मार्ग होता. फोनच्या आत खोलवर हात घालू देणारी दुसरी भाषा होती, जड आणि किचकट. तिच्यात लिहिलं तर ब्लूटूथ गुपचूप सुरू ठेवता येत होतं, पडद्यावर काहीही न दाखवता. मी ती शिकत बसले, जमवलंही. पण त्यांच्या फोनमध्ये ते टाकायला हात होईना. हे म्हणाले, "अव, त्याईले काय समजते आता? टाकून दे." समजत नसेलही... तरी एका सकाळी, मामाजी अंगणात उन्हाला बसले होते, डोळे स्वच्छ होते, मला नावाने हाक मारली होती, तेव्हा मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"मामाजी, एक विचारू काय?"

"विचार नं, बाई."

"हा फोन तुमच्याजवळ राहीन. तुम्ही बंद केला तरी तो आपलाआपला सुरू होईन. तुम्हाले विचारणार नाई. तुम्ही दूर गेले तर मले सांगीन. चालन काय?"

त्यांनी फोन हातात घेऊन उलटापालटा करून बघितला. मला वाटलं, विषय सुटला. मग त्यांनी दाराकडे बोट केलं. "ते कडी काढशीन काय मंग?"

"काढीन."

"मंग लाव," ते म्हणाले. आणि बंडीचा खिसा दोन बोटांनी उघडून माझ्यासमोर धरला.

त्या दुपारी ह्यांनी पान्ह्याने कडीच काढून टाकली. दार उघडं राहिलं, मामाजी दारातल्या बाकावर बसले, येणाऱ्याजाणाऱ्याला राम राम करू लागले. लोक पुन्हा त्यांच्याजवळ थांबू लागले. सासूबाईंनी कितीतरी दिवसांनी केस धुऊन अंगणात वाळवले. मी ज्या कामाचे पैसे घेते त्यातलं बरंच कोण वापरतं मला माहीत नाही. हे एक काम मात्र मी रोज डोळ्यांनी बघत होते.

फोन खरोखरच वाजला तो पुढच्या उन्हाळ्यात. पोळ्या चालल्या होत्या. मी पिठाच्या हातानेच धावले. बाक रिकामा. समोर ढाब्यापुढे कापसाच्या गाठींचा ट्रक उभा आणि मामाजी रस्त्याच्या मधोमध, त्याच्याकडे चाललेले. नागपूरकडून एक बस येत होती. मी काय ओरडले ते आठवत नाही, पण दोन्ही हात वर करून रस्त्यात शिरले, बसवाल्याने करकचून ब्रेक मारला, आणि मामाजी शांतपणे पलीकडे पोहोचले. मी मागून जाऊन त्यांचा दंड धरला. त्यांनी ट्रकचा दोर हातात घेतला होता. "गाठ ढिली हाये," ते म्हणाले. ढिली होती की नव्हती, मला ते कळत नाही. ड्रायव्हर खाली उतरला, एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बाबूजी, कस दीजिए." मग मी दोराचं टोक धरून उभी राहिले आणि मामाजींनी ती गाठ अगदी सावकाश, मनासारखी आवळली. आवळून झाल्यावर माझ्याकडे वळले. "चाल, घरी जाऊ." आम्ही दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडला. घरी आल्यावर सासूबाईंनी दोघांनाही पाणी दिलं आणि स्वतः भिंतीला टेकून खालीच बसल्या.

त्यानंतर ते फारसे उठलेच नाहीत. पाय थकले, झोप वाढली. शेवटच्या थंडीत तर बाकापर्यंत आणायलाही दोघांचा आधार लागायचा. तरी फोन त्यांच्या खिशात असायचा, कारण तो काढला की ते बंडी चाचपत बसायचे. त्या सकाळी सासूबाईंनी चहा पाजला, तोंड पुसलं. त्यांनी डोळे मिटले ते मिटलेच. मी नागपूरहून पोहोचेपर्यंत अंगण माणसांनी भरलं होतं. सासूबाईंनी मला जवळ ओढून कानात सांगितलं, "माह्या हातात हात होता व. सारा वेळ." त्या रडत होत्या आणि तरी त्यांच्या आवाजात काहीतरी सैल झालं होतं, ते मला ओळखू आलं, कारण माझ्यातही तेच झालं होतं.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. त्या दुपारी घरात फक्त आम्ही होतो. जेवणं आटोपून मी मामाजींच्या खोलीत डोकावले तर सासूबाई त्यांच्या पलंगावर झोपल्या होत्या. अगदी काठाला, दाराच्या बाजूने. इतकी वर्षं त्या तशाच झोपायच्या, मामाजींना भिंतीकडे ठेवून, म्हणजे ते उठले तर त्यांना ओलांडूनच उठावं लागेल आणि यांना जाग येईल. भिंतीकडची जागा रिकामी होती, चादर तिथे सपाट. मी त्यांना न उठवता परतले. ऊन उतरलं, दिवेलागणीची वेळ झाली, ह्यांनी चहासाठी विचारलं, उठवू का म्हणाले. मी पुन्हा दाराशी जाऊन बघितलं आणि नको म्हटलं. झोपेतच सासूबाईंनी कूस बदलली, थोड्या सरकल्या, आणखी थोड्या... आणि भिंतीला पाठ लावून, पलंगभर हातपाय पसरून, तशाच गाढ झोपून राहिल्या.