नववे रीळ

कालीपाबाईंनी ओस्मोनला पहिल्यांदा पाहिले ते बिश्केकपासून दूर, डोंगरातल्या वरच्या गावच्या क्लबच्या दारात. १९७८ चा डिसेंबर होता आणि शाळेत रुजू होऊन त्यांना जेमतेम तीन महिने झाले होते. चित्रपट मध्येच थांबलेला. सगळे वरचे गाव बाकांवर बसून खुनी कोण यावर हमरीतुमरीवर आले होते. तेवढ्यात दार उघडले आणि थंडीच्या लोटाबरोबर मिशांवर बर्फ गोठलेला एक उंच तरुण पत्र्याचे तीन डबे घेऊन आत शिरला. डबे त्याने यंत्रवाल्याच्या हवाली केले आणि कुणीतरी पुढे केलेला चहाचा वाडगा उभ्याउभ्या रिकामा केला. दिवे गेले, पडदा उजळला. एक श्वास घेण्याइतका वेळ त्याने पडद्याकडे पाहिले आणि तो पुन्हा बाहेर गेला.

"हा कोण गं?" बाईंनी शेजारणीला विचारले.

"ओस्मोन. खालच्या गावातून रिळं आणतो. बिचाऱ्याला शेवट तेवढे बघायला मिळतात. कोणी मारलं ते त्याला माहीत असतं, कोणाला मारलं ते नाही!"

तालुक्याहून चित्रपटाची एकच प्रत यायची आणि गावे दोन. मध्ये चार किलोमीटरचा चढ आणि एक ओढा. नऊ रिळांतली पहिली तीन खाली दाखवून झाली की ओस्मोन ती घोडीवरून वर आणायचा आणि पुढच्या तिनांसाठी परत खाली जायचा. अशा तीन खेपा. खालचे गाव चित्रपट सलग बघे. वरच्या गावाला मध्ये दोनदा वीस-वीस मिनिटे थांबावे लागे. त्या वेळात चहा व्हायचा आणि खुनी ठरायचा. कालीपाबाईंना हळूहळू कळले की रहस्यपटाला गर्दी होते ती या चाळीस मिनिटांसाठी.

पुढच्याच महिन्यात ती संध्याकाळ आली. चित्रपट एका रेल्वे स्टेशनचा होता. तिकीटघरातला कारकून मेला होता. संशय स्टेशनमास्तरवर, त्याच्या मेहुणीवर आणि एका बहिऱ्या पहारेकऱ्यावर. शेवटच्या खेपेला ओस्मोन आला तो दोनच डबे घेऊन. घोडी ओढ्यात घसरली होती आणि नववे रीळ बर्फाखालच्या पाण्यात गेले होते. सातवे संपले, आठवे संपले. दिवे लागले तेव्हा शंभर माणसे मान वळवून त्याच्याकडे बघत होती.

"तू खाली शेवट बघितलास ना?" कुणीतरी ओरडले.

"बघितला," ओस्मोन म्हणाला.

मग तो पडद्यापुढे उभा राहिला आणि अर्धा तास बोलला. पहारेकरी बहिरा नव्हताच. इन्स्पेक्टर त्याच्या मागे जाऊन हळूच म्हणाला, "तुझी घोडी सुटली रे," आणि पहारेकऱ्याने गर्रकन वळून पाहिले! क्लब टाळ्यांनी दणाणला. चित्रपट पूर्ण दाखवला, असे लिहिलेल्या कागदावर पाच जणांनी सह्या केल्या, त्यामुळे हरवलेल्या रिळाबद्दल ओस्मोनवर नुसता ठपका आला, नोकरी वाचली.

पण खालच्या गावाने खरा शेवट पाहिला होता. आठवड्याच्या बाजारात ते म्हणाले, खून स्टेशनमास्तरने केला. वरचे म्हणाले, पहारेकऱ्याने. तुमच्या यंत्रवाल्याने मागे एकदा सहावे रीळ चौथ्याच्या आधी लावले होते, तुम्ही काय सांगता शेवट! खालचा जुमाश, जो पुढे गुरांचा डॉक्टर झाला, शपथ घेऊन सांगायचा, "ओस्मोन आत नव्हताच. बाहेर घोडीचा तंग आवळत होता. मी डोळ्यांनी पाहिलंय." वरच्या गावाने त्याचे कधी ऐकले नाही. लग्नांत, जेवणावळींत हा वाद पिढीजात जमिनीसारखा चालत राहिला. त्या संध्याकाळी टाळ्या वाजवणाऱ्यांत असिलकान होती. वर्षभरात तिने ओस्मोनशी लग्न केले आणि जुमाशने तोंड उघडले की ती पहिली उठायची. "माझा माणूस तिथं होता. तुम्ही घोरत होतात!"

दोन वर्षांपूर्वी असिलकान गेली. ओस्मोन घराबाहेर पडेना, तेव्हा कालीपाबाईंनी त्याला 'गुरुवार'मध्ये ओढले.

हा 'गुरुवार' त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीने, बिश्केकमधल्या मीरगुलने, सगळे जग घरात कोंडले होते त्या वर्षी सुरू केला होता. दोन्ही गावांची पांगलेली माणसे संध्याकाळी सातला फोनवर व्हिडिओ कॉल करून जमायची. कुणी मॉस्कोत, कुणी कोरियात, एक जण शिकागोत ट्रक चालवणारा, ज्याची तेव्हा सकाळ असे. जुने कृष्णधवल रहस्यपट. मीरगुल "तीन, दोन, एक" म्हणायची आणि सगळे एकदम चित्रपट सुरू करायचे. दर अर्ध्या तासाने थांबायचे. आता रिळे कुठून यायची नव्हती, तरी थांबायचे. भांडल्याशिवाय पुढचा भाग दिसतच नाही, असे तोक्तोबूबू म्हणायची. ती नव्वदीची होती आणि वरच्या गावची सगळ्यात जुनी भांडखोर.

आयुष्यात पहिल्यांदा ओस्मोन चित्रपट पहिल्या मिनिटापासून बघू लागला. फारसे बोलत नसे, पण एकही गुरुवार चुकवत नसे.

मग मार्चमध्ये मीरगुलने जाहीर केले, "स्टेशनचा सिनेमा सापडला! नऊच्या नऊ भाग. येत्या गुरुवारी तोच."

जुमाशने लगेच आवाजी निरोप पाठवला. "वरच्यांनो, रुमाल घेऊन बसा. नाकं कापली जातील, रक्त येईल."

"आधी स्वतःचे कान धुऊन या, डॉक्टर," तोक्तोबूबूने उलट पाठवले. "ओस्मोनचा शब्द आहे तो."

सोमवारी दुपारी ओस्मोन कालीपाबाईंकडे आला. बाईंनी चहा ओतला, बोरसोक, म्हणजे तळलेल्या पिठाचे गोळे, पुढे ठेवले. त्याने एक उचलून तसेच हातात धरले.

"मास्तरीणबाई, मीरगुल तुमचं ऐकते. तिला सांगा, दुसरा सिनेमा लाव."

"का बरं?"

"उगाच जुनी भांडणं."

"ओस्मोन, त्या सिनेमात घोडा कुठं होता हो?"

त्याने हातातला बोरसोक उलटा फिरवला.

"एकसुद्धा नव्हता," बाई म्हणाल्या. "स्टेशन होतं, रूळ होते, मोटार होती. पहारेकऱ्याला घोडी आली कुठून? त्या रात्री घरी जाताना माझ्या लक्षात आलं. शंभर माणसं होती, एकालाही खटकलं नाही. आपल्याकडे पहारेकऱ्याला घोडी असायचीच ना!"

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"तुमची उजवी बाही खांद्यापर्यंत गोठलेली होती. रीळ शोधायला पाण्यात हात घातला होतात. त्यावर मी काय बोलणार?"

ओस्मोनने बोरसोक बशीत ठेवला. "जुमाश खरं सांगतो. मी तंगच आवळत होतो. शंभर माणसं बघत होती, बाई. वाटलं, आता नोकरी जाते. तोंडून निघून गेलं. मग असिलकान... ती सगळ्यांशी भांडायची माझ्यासाठी. तिला पण नाही सांगितलं. आता गुरुवारी ती खोटी पडणार."

"सिनेमा बदलून काय होईल? तो आता सापडलाय. आज नाही तर पुढच्या महिन्यात बघतील. तुमच्या तोंडून कळणं वेगळं आणि पडद्यावरून कळणं वेगळं."

"आणि कुणी परत बोललं नाही माझ्याशी तर?"

"मी बोलेन," बाई म्हणाल्या. दुसरे काही खात्रीने सांगण्यासारखे त्यांच्यापाशी नव्हते.

गुरुवारी त्रेसष्ट माणसे जमली. इतकी कधीच जमली नव्हती. पहिल्या थांब्यात जुमाश आणि तोक्तोबूबूने एकमेकांच्या सात पिढ्या काढल्या. दुसऱ्या थांब्यात मीरगुल म्हणाली, "ओस्मोन आबांना बोलायचंय."

"मी शेवट पाहिला नव्हता," ओस्मोन म्हणाला. "रीळ पाण्यात गेलं आणि मी मनानं सांगितलं. जुमाश खरा आहे. असिलकानला हे ठाऊक नव्हतं. तिला कुणी नावं ठेवू नका."

मग जुमाश गरजला, "पंचेचाळीस वर्षं! ऐकलंत का? पंचेचाळीस वर्षं मला घोरणारा म्हणालात!"

"मी बहिणीशी दहा वर्षं अबोला धरला होता याच्यापायी," तोक्तोबूबू म्हणाली. "ती खाली दिली होती. ओस्मोन, माझ्या अंगणात पाय ठेवू नकोस." आणि ती निघून गेली.

कालीपाबाईंनी त्रेसष्टाचे बासष्ट होताना पाहिले. ओस्मोनचा चौकोन तसाच होता. तो उठून गेला नव्हता. मग ट्रकवाला बोलला. "आबा, माझे वडील तो घोडीचा शेवट जेवताना सांगायचे. मी पूर्ण कधी ऐकलाच नाही. खरा बघायच्या आधी तुमचा सांगा ना."

"सांगू दे त्याला," जुमाश म्हणाला. "खोटं बोललाय तर सगळ्यांसमोर नीट बोलू दे."

ओस्मोनने सांगितला. पहिल्यासारखा अर्धा तास नाही, दहा मिनिटे. घोडी सुटली तिथे कोरियातून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी शेवटचा भाग पाहिला. स्टेशनमास्तरने खुर्चीत बसून चार वाक्यांत गुन्हा कबूल केला आणि पडदा काळा झाला.

"एवढंच?" मीरगुल म्हणाली.

"खरं आहे ते एवढंच असतं," जुमाश म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. उन्हाळ्यात नातवाच्या लग्नात त्याने ओस्मोनला दोनशे माणसांपुढे पुन्हा सगळे कबूल करायला लावले. ओस्मोनने केले. मग जुमाशने त्याला मानाचा मांसाचा तुकडा वाढला.

तोक्तोबूबू सप्टेंबरात परत आली. ती ओस्मोनशी अजून बोलत नाही, पण त्याच्या बोलण्यावर आक्षेप घेते.

आता दर गुरुवारी दुसऱ्या थांब्यात ओस्मोन न पाहिलेला शेवट सांगतो आणि मगच पुढचा भाग सुरू होतो. कालीपाबाई वहीत खूण करून ठेवतात. आतापर्यंत एकोणीस चित्रपट झाले. त्यात ओस्मोनचा खुनी दोनदा बरोबर निघाला आहे.