तुफानाचा धडा

आक्का, माझी थोरली बहीण, जाऊन महिना झाला. समाचाराला येणारे म्हणतात, तुमचा बहिणीवर फार जीव होता. मी मान डोलावतो. शोकात माणसाला एवढी सवलत असते.

निपाणीजवळच्या एका खेड्यात मी तेव्हा कच्चा मास्तर होतो. तपासणीला येणाऱ्या दिपोटीसाहेबांनी बरा शेरा दिला तर कायम, नाहीतर घरी. साहेबांना भूगोल प्रिय, म्हणून समुद्रावर तुफानं कशी होतात ते मी चौथीकडून घोकून घेतलं. समुद्र वर्गात कोणीच पाहिला नव्हता, मीही नाही. त्यामुळे शिकवताना अडचण अशी आली नाही.

तपासणी नेमकी बाजारच्या दिवशी आली. मोठी माणसं निपाणीला गेलेली, आणि गावाचा सगळा तंबाखू माळावर वाळत पडलेला. मुलं सुरात म्हणत होती, "हवा तापली की हलकी होते, हलकी झाली की वर जाते." खिडकीबाहेर आभाळ काळं होत होतं, पण त्याचा अभ्यासक्रमात समावेश नव्हता.

एक मुलगी उठली. "मास्तर, वळीव येतोय. आमचा तंबाखू हाय माळावर. जाऊ?"

"आधी उत्तर पुरं कर."

"तिच्या जागी भवतालची हवा धावत येती," ती खिडकीकडं बघत म्हणाली. "आली बी, मास्तर."

साहेब हसले. मला धन्य वाटलं.

इतक्यात आक्का धापा टाकत दारात आली. "आप्पा, पोरांना सोड रं! माळावर नुसत्या म्हाताऱ्या हाईत. तरटं कोण टाकणार?"

"या बाई कोण?" साहेबांनी विचारलं.

"गावातल्या आहेत, साहेब," मी म्हणालो.

आक्कानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि ती माळाकडं पळाली. आम्ही पृथ्वीच्या फिरण्यानं वाऱ्याला वळण कसं मिळतं ते पुरं केलं. कौलांवर गारा वाजत होत्या, म्हणून मुलांना जरा मोठ्यानं म्हणायला लावलं.

शेरा उत्तम मिळाला. आक्कानं आणि म्हाताऱ्यांनी चार ढीग झाकले. बाकीचा तंबाखू काळा पडला.

साहेब आमच्याकडंच जेवले. ओल्या लुगड्यानं भाकरी वाढत आक्का त्यांना म्हणाली, "घ्या साहेब. मी मास्तरांकडं सैपाकाला असते." मग माझ्याकडं वळून विचारलं, "मास्तर, तुम्हाला वाढू?"

त्यानंतर तिनं मला आप्पा म्हणून कधी हाक मारली नाही. मी मात्र कायम झालो.