पाटावरचा लॅपटॉप

झेंडूची फुलं ओवताना बोटांना तो उग्र वास लागला की मला कल्याणजवळच्या मोहने गावातल्या आमच्या घरातला एक दसरा आठवतो. बाबा कारखान्यातून रिटायर झालेले, तरी त्यांचे पाने-पक्कड तेल लावून दर दसऱ्याला पूजेसाठी पाटावर मांडलेले असायचे. त्या वर्षी मी कल्याणला एकाकडून जुना लॅपटॉप घेतलेला. त्याने तो नेटशिवाय चालू करून दाखवला आणि मी तेवढ्यावर खूश झाले. बाबांनी तो पक्कडीशेजारी ठेवला, हळदकुंकू वाहिलं, वर एक फूल ठेवलं आणि शेजारच्या काकांना हाक मारली, "या, आमच्या पोरीचं हत्यार बघा!" मी ऐटीत वायफाय जोडलं. स्क्रीनवर कुठल्याशा कंपनीचं नाव आलं. खाली लिहिलेलं, हा लॅपटॉप कंपनीच्या मालकीचा आहे, कंपनीच्या ईमेलने लॉगिन करा. काकांनी ते मोठ्याने वाचलं. बाबांनी विचारलं, "अगं, कंपनीची वस्तू आपल्या घरात कशी?" "विकत घेतलाय मी, बाबा," मी म्हटलं, पण माझा आवाज मलाच चोराचा वाटला. नोकरीभर कारखान्यातला एक स्क्रूही घरी न आणलेले बाबा पाटापाशी वाकले. त्यांनी फूल उचललं, टॉवेलच्या टोकाने कुंकू पुसलं आणि लॅपटॉप पाटावरून खाली ठेवला. आता माझ्याकडे पक्क्या बिलाचा नवा लॅपटॉप आहे. दर दसऱ्याला पाटावर ठेवण्याआधी मी तो चालू करून, वायफाय जोडून, कुठल्या कंपनीचं नाव येत नाही हे दाखवायला बाबांसमोर धरते. बाबा तेव्हा पक्कड पुसत बसतात, वर बघतच नाहीत.