म्हशीवर वाळत घातलेली वाकळ

सासूबाईंची वाकळ मी म्हशीवर वाळत घातली.

प्यायलेलो नव्हतो. म्हैस कशी दिसते हेही मला लहानपणापासून माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी घट बसणार होते. त्याआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघालंच पाहिजे, ही लोहाऱ्याकडच्या माझ्या सासुरवाडीची रीत. पण सोयाबीन नेमकं काढणीला आलेलं, बायकोसकट सगळे शिवारात. "त्यात काय, मी धुतो की!" असं मी म्हणून गेलो.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, निळ्या काठाची वाकळ तेवढी जपा. त्यांच्या धोतरांची हाय."

ते म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. ती वाकळ अंगावर नसली की सासूबाईंना झोप लागत नाही.

तलाव सांडव्यापर्यंत भरलेला. काठाला तरवड पिवळाजर्द, पाण्यावर चतुर भिरभिरत होते आणि डोक्यावर भादव्याचं ऊन असं, की कानाच्या पाळ्या भाजाव्यात. मी सदरा काढून तरवडावर टाकला, चष्मा त्याच्या खिशात ठेवला. तिथंच सगळं चुकलं.

दुपारनंतर आभाळ भरून यायचंच, म्हणून वाकळ लवकर वाळवायची होती. पण गावातल्या बायकांनी माझ्याआधीच येऊन प्रत्येक झुडूप अडवलेलं. तेवढ्यात पाण्याच्या कडेला एक काळा, ऐसपैस खडक दिसला. भिजलेली वाकळ म्हणजे दोन माणसांचं ओझं. मी ती कशीबशी उचलून खडकावर फेकली, नीट पसरली, कोपरेसुद्धा ओढले. खडक जरासा हलल्यासारखा वाटला. मी म्हटलं, उन्हानं चक्कर येतेय.

उरलेल्या गोधड्या आपटत बसलो. थोड्या वेळानं सासूबाई भाकरी घेऊन आल्या.

"माझी वाकळ कुठंय?"

"त्या खडकावर."

"इथं कुठं आलाय खडक? जलम गेला माझा या तलावावर."

मी वळून बोट दाखवलं. खडक जागेवर नव्हता.

बांधावरून एक म्हातारबाबा ओरडले, "अवो, माझ्या म्हशीला झूल कुणी घातली? पोळा होऊन म्हैना झाला की!"

काठावर धुणं धुणाऱ्या बायका हसत सुटल्या. मी चष्मा लावला. निळ्या काठाची वाकळ तलावाच्या मध्यावर संथपणे पोहत चालली होती. पुढं दोन शिंगं.

मी तडक पाण्यात शिरलो. गुडघ्यापर्यंत गेल्यावर आठवलं, आपल्याला पोहता येत नाही. मागं पाहिलं तर सासूबाईंनी पदर तोंडाशी धरलेला. काठावरच्या बायका हसायच्या थांबल्या. म्हशीनं डुबकी मारली असती, तर ती वाकळ गाळात गेली असती.

"ये... ये... ये गं बया!" म्हातारबाबांनी हाळी दिली. म्हैस वळली, तिच्या सवडीनं काठाला आली आणि सासूबाईंसमोर उभी राहून तिनं अंग झटकलं. वाकळ चिखलात पडली. सासूबाईंनी ती उचलली, धोतराचा एकेक तुकडा बोटांनी चाचपला. शिवण शाबूत होती. चिखल, शेवाळ आणि शेण मात्र भरपूर.

मी म्हणालो, "द्या इकडं, पुन्हा धुतो."

"नगं," पदर खोचत त्या म्हणाल्या. "तुम्ही तिकडं म्हशीशेजारी जाऊन बसा. अन् हलू नगा. माझ्या बाकीच्या गोधड्या वाळत घालायच्यात."