सकाळची बॅच

आमची संस्था काय करते असं कुणी विचारलं की मी सांगते, बॅगा वाटते. साहेबांना ते अजिबात आवडत नाही. वाड्यापाड्यांतून, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलांनी तिथं टिकावं म्हणून आपण धडपडतो, असं ते मला समजावतात. धडपडतो, नाही कुठं म्हणते मी? पण मुंबईहून पैसे येतात ते बॅगांसाठी, व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरासाठी आणि त्या शिबिराच्या बॅनरसाठी. मी शहापूरला राहते आणि मुरबाडची मुलं सांभाळते. अभ्यास जमला नाही म्हणून कॉलेज सोडलेलं पोर मला फार क्वचित भेटलंय. बाकीची सुटतात ती असल्या फालतू कारणांनी, की ऐकून डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं.

गेल्या वर्षी टोकावड्याच्या पुढच्या एका वाडीतली मुलगी बीएस्सीला आली. घरात बारावी पास झालेली ती पहिलीच. फोन केला की म्हणायची, "बरं हाय, ताई." भेटली तरी तेच. मी आपली खूश. मग दिवाळीच्या आधी कॉलेजात गेले, तर केमिस्ट्रीचे सर म्हणाले, "ती होय? ती प्रॅक्टिकलला येतच नाही. असंच चाललं तर मी तिला परीक्षेला बसू देणार नाही."

तिला बाहेर बोलावलं. "अगो, बरं हाय म्हणजे काय बरं हाय?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी. खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठं कळलं. तिची बॅच शेवटची, संध्याकाळपर्यंत चालणारी. वाडीकडे वळणारी शेवटची एसटी त्याआधीच निघून जाते. हायवेच्या गाड्या मिळतात, पण फाट्यावरून आत जंगलातून चालत जायचं, तेही अंधारात, एकटीनं. म्हणून ती प्रॅक्टिकल सोडून घरी जायची.

आता हिला शेवटची बॅच का, तर बॅचेस पाडतात प्रवेशाच्या क्रमानं. मुरबाड बाजारपेठेतल्या मुलांचा प्रवेश पहिल्या दिवशी होतो. वाडीवरची मुलं दाखल्यांसाठी तहसीलला खेटे घालून शेवटी येतात. म्हणजे जो सगळ्यात लांब राहतो त्याला सगळ्यात उशिराची बॅच. बरं, हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. मुद्दाम केलं असतं तर निदान भांडायला माणूस सापडला असता.

तरी मी भांडले. सर म्हणाले, एकीला बदलून दिली की उद्या पन्नास जण दारात उभे राहतील. प्राचार्य म्हणाले, सरांशी बोला. एसटीवाले म्हणाले, अर्ज द्या, वर पाठवतो. हे 'वर' कुठं असतं ते मला आजवर कळलेलं नाही. आमचे साहेब म्हणाले, सविस्तर मेल करा. केला. त्यांनी अंगठा पाठवला.

शेवटी सर माझ्या फेऱ्यांना कंटाळले. म्हणाले, "घ्या, सकाळची बॅच देतो. पण इथून पुढं एकही प्रॅक्टिकल चुकता कामा नये. एक जरी चुकलं तरी परीक्षा विसरायची, आणि तुम्ही माझ्याकडे यायचं नाही."

ती मान खाली घालून म्हणाली, "चालंल, सर." बाहेर आल्यावर मी तिला वडापाव खाऊ घातला आणि आनंदाच्या भरात स्वतः दोन खाल्ले.

हजेरी भरायला लागली. मी निश्चिंत झाले.

जानेवारीत एकदा मुरबाडला मावशीकडे मुक्काम होता. सकाळी शहापूरची गाडी पकडायला नाक्यावर उभी होते, थंडीनं दात वाजत होते. तेवढ्यात कल्याणच्या मार्केटला निघालेली भेंडीची पिकअप येऊन थांबली. मागं रचलेल्या पोत्यांवरून एक मुलगी फळीला धरून खाली उतरली. तोंडाला स्कार्फ, हातात पिशवी, पिशवीत प्रॅक्टिकलचा पांढरा ॲप्रन. ती मान खाजवत वळली आणि मला बघून जागीच थिजली.

"हे काय गो?"

"ताई, पहिली एसटी इथं आठला पोचते. बॅच सव्वासातला लागते."

"मग रोज अशीच येतेस?"

"प्रॅक्टिकल असंल तवा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी भांडले, एवढ्या चपला झिजवल्या, आणि पहिली गाडी किती वाजता येते हे विचारायचं मला सुचलं नाही! विचारलं नाही ते नाही, पण हिनं तरी सांगावं की नाही? मी भर नाक्यावर ओरडले, "तोंड नव्हतं तुला? पडली असतीस म्हणजे? चल, आत्ताच्या आत्ता सरांकडे चल."

तिनं माझं मनगट धरलं. "नको, ताई. सरांनी एकदा दिलंय. परत मागायला गेलो तर म्हणतील, हिचं रोजचंच रडगाणं हाय. मग हातातलं पण जाईल. गाडीवाला आमच्या वाडीचाच हाय, घरी म्हायती हाय. परीक्षा होऊ दे. तवर तुमी कायच बोलू नका."

भांडण्याचा तर मला पगार मिळतो. आणि ही पोर मला गप्प बसायला सांगत होती. मला रडू येत होतं आणि तिला दोन धपाटेही घालावेसे वाटत होते. पण तिचं चुकत नव्हतं. सरांना मी ओळखून होते.

मग गप्प बसले. प्रॅक्टिकलच्या दिवशी मला आपोआप पहाटे जाग यायची. पोचली की ती मिस्ड कॉल द्यायची, तोवर चहा घशाखाली उतरत नसे. एकदा मार्केट बंद, गाडी जाणारच नव्हती. मिस्ड कॉल आला, मी उलट फोन केला तेव्हा कळलं, बाई आदल्या दिवसापासूनच मुरबाडात, मैत्रिणीच्या घरी झोपायला आलेल्या! हेही मला आधी सांगायचं नाही. मी कपाळाला हात लावला.

ती परीक्षेला बसली. पास झाली, केमिस्ट्रीत तर चांगलीच. निकाल आम्ही दोघींनी कॉलेजच्या पायऱ्यांवर माझ्या मोबाइलवर बघितला. मी लगेच साहेबांना कळवलं, तर त्यांचा फोनच आला. मी स्पीकरवर टाकला.

"बघा, मी म्हणत नव्हतो? छोटासा आधार पुरतो. आपण बॅच बदलून घेतली आणि झालं काम! अहवालात फोटोसकट घेऊ."

मी दातओठ खाऊन गप्प. गप्प बसायची सवयच लागली होती ना. तेवढ्यात तिनं हात पुढं केला. "द्या इकडं."

"अगो, काय बोलणार आहेस?"

"निकाल लागला ना, ताई. आता कोण काय काढून घेतंय?" तिनं फोन घेतला. "नमस्कार, सर. सकाळची बॅच सव्वासातला लागते. आमच्याकडची पहिली एसटी मुरबाडला आठला पोचते. मी भेंडीच्या गाडीत बसून यायची. यंदा आमच्या वाडीतल्या आणखी दोन पोरी कॉलेजात येतायत. त्यांनी कसं यायचं?"

पलीकडून साहेब म्हणाले, "हॅलो? हॅलो? आवाज तुटतोय."

तिनं फोन तोंडाजवळ धरला आणि पहिल्यापासून परत सांगायला लागली.